तोंडातली पिल्लं

"चावली," पाळणाघराच्या ताई फोनवर म्हणाल्या, "आणि चावून झाल्यावर टाळ्या वाजवल्या."

माझ्यासमोरच्या उंच खुर्चीत एक निवृत्त गृहस्थ बसले होते. नाकावर तपासणीची जड चौकट, उजव्या डोळ्यावर झाकण, डाव्यापुढे मी नुकतीच सरकवलेली काच. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटून तिसरी ओळ ते तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखे घाबरत घाबरत वाचत होते. तपासणी चालू असताना फोन घ्यायचा नाही असा आमच्या चष्म्याच्या दुकानाचा नियम आहे आणि तो मी एरवी पाळते. पण पाळणाघराचा नंबर दिसला की हात माझा राहत नाही. "कुणाला चावली?" मी विचारलं. "हा 'ष' आहे की 'प'?" गृहस्थांनी विचारलं. "ती दोन वेण्यांची आहे ना, तिला," ताई म्हणाल्या, "दंडाला. रक्त नाही आलं, पण वळ चांगला उठलाय. चावण्याचं मला एवढं नाही हो वाटत, अडीच वर्षांची मुलं चावतात. पण ही चावली आणि बाजूला होऊन टाळ्या वाजवायला लागली. हसत. माझ्याकडे बघत. मीही वाजवाव्यात म्हणून थांबली होती." येते, म्हणून मी फोन ठेवला. गृहस्थ म्हणाले, "चुकलं का माझं?" दिवसातून वीस वेळा मी हा प्रश्न ऐकते. पहिली काच बरी की दुसरी, एवढंच मी विचारलेलं असतं, आणि आयुष्यभर चार माणसांवर हुकूम चालवलेली माणसं एवढंसं तोंड करून माझ्याकडे बघतात, चुकलं का म्हणून. यात चूक-बरोबर काही नसतं काका, तुम्हाला काय दिसतं तेवढंच सांगायचं, असं मी दर वेळी गोड आवाजात म्हणते. त्या दिवशीही म्हणाले. आवाज गोडच निघाला. पण पुढची काच चौकटीच्या खाचेत बसेना, कडेवर कटकट वाजत राहिली, आणि ही भीती नाही, राग आहे, हे मला त्या कटकटीवरून कळलं.

भीती माझ्या रोजच्या ओळखीची आहे. माझी भिंगरी झाली त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर राहते, माझ्याबरोबर उठते. जिन्याच्या कठड्यातल्या फटीतून डोकं जातं का हे मी वीतभर दोरी घेऊन मोजलेलं आहे. बटण, नाणं, पेनाचं टोपण, द्राक्ष, घशात अडकू शकणारी प्रत्येक वस्तू मला खोलीत शिरताक्षणी दिसते. नवरा म्हणतो, तू आई नाहीस, सुरक्षारक्षक आहेस. असेन. भीतीचं मला काही नाही, भीतीने माणूस कामाला लागतो. रागाचं काय करायचं ते मात्र मला कुणी शिकवलेलं नाही. तो येतो आणि आत कुठेतरी बसकण मारतो, आणि मी वरून भांडी घासते, काचा पुसते, "हो आई", "बरं आई" म्हणते. पाळणाघराच्या वाटेवर मी जवळजवळ पळत होते आणि मनातल्या मनात एकाच माणसाशी भांडत होते. कारण टाळ्या हा शब्द ऐकल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे आमची बाहेरची खोली आली होती, संध्याकाळचे सात, माशांची चार फूट लांब काचेची पेटी, तिच्यातला निळा उजेड, आणि तिच्यासमोर बाही वर सरकवून उभा असलेला नवरा. "घे सरकार! हाण! सोडू नकोस!" आणि त्याच्या पायाशी, नाक काचेला लावून, माझी मुलगी.

पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दाराशी बुटांचं बुटकं कपाट, प्रत्येक खणावर एकेक चित्र; भिंगरीचं छत्री. ती कोपऱ्यातल्या चटईवर एकटी बसली होती आणि मला बघून तिला आनंद झाला, नुसता आनंद, अपराधाचा लवलेश नाही. ताईंनी दोन वेण्यांच्या मुलीला बोलावून तिची बाही वर केली. दंडावर दोन लालसर कमानी, वर चार दात, खाली चार. ते आठही दात मी उगवताना मोजलेले आहेत. एकेका दाताला एकेक आठवडा ताप, लाळ, रडणं. ते कुठल्यातरी परक्या मांसावर असे छापून आलेले बघताना माझं मलाच कळेना की मला शरम वाटतेय की आणखी काही. ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, तिचे आईवडील फार चिडलेत, भिंगरीला काढा म्हणताहेत. शनिवारी दुपारी बसू. तुम्ही दोघंही या. मग थोडं थांबून, "वाईट वाटून घेऊ नका, पण विचारते. घरी कुणी चावल्यावर टाळ्या वाजवतं का?"

"छे," मी म्हणाले. इतक्या पटकन की ताईंनी मान वर केली. नवऱ्याला पाठीशी घातलं, असं मी स्वतःला सांगितलं. घरातली घाण बाहेर कशाला.

हे पाळणाघर गेलं तर काय होणार याची मला चांगली कल्पना होती. दुसरं मिळायला सहा महिने यादीत थांबावं लागतं. दुकानाच्या मालकीणबाईंनी मला परत घेतलं तेव्हाच बजावलं होतं, आता मध्येच मुलाचं कारण सांगून बसायचं नाही. आणि घरच्यांत माझी नोकरी सुटण्याची वाट बघणारी दोन माणसं होती. नवरा उघड बोलायचा नाही. तो फक्त भिंगरीला सर्दी झाली की माझ्या रजा मोजत कॅलेंडरकडे बघायचा. सासूबाई मात्र फोनवर सरळ म्हणायच्या, "एवढ्याशा जिवाला परक्याच्या दारात टाकायचं आणि लोकांच्या डोळ्यांत बघत बसायचं, कसलं गं ते काम?" सहा महिने मी हे ऐकत होते. सहा महिने सकाळी नऊ ते दुपारी चार मला माझं नाव होतं, पांढरा कोट होता, आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणसं विचार करून देत होती.

मासे त्याने आणले तेव्हा मला सातवा महिना होता. जिथे पाळणा ठेवायचं आमचं ठरलं होतं त्या भिंतीशी एका संध्याकाळी चार माणसांनी ती पेटी आणून टेकवली. पाण्यासकट तिचं वजन तीन माणसांएवढं होतं, त्यामुळे नंतर ती हलवण्याचा प्रश्नच नव्हता. पाळणा आतल्या खोलीत गेला, माझ्या बाजूला. दुकानदार स्वतः मासे सोडायला आला होता. हे शोभेचे नव्हेत वहिनी, म्हणाला, हे भांडखोर. दगडांच्या कपारीत राहतात, प्रत्येकाची हद्द ठरलेली, दुसरा शिरला की संपलंच. मग कशाला एकत्र ठेवायचे, मी विचारलं. त्यावर दोघंही असे हसले की जणू मीच काहीतरी पोरकट बोलले. "उलट आहे वहिनी. चारच ठेवले तर जबरा असतो तो एकालाच धरतो आणि मारून टाकतो. वीस ठेवा. गर्दीत मार वाटला जातो. सगळे जगतात." नवऱ्याने ते वाक्य नंतर कितीतरी पाहुण्यांना ऐकवलं, मार वाटला जातो, आणि दर वेळी मला आठवायचं आमचं पहिलं बिऱ्हाड, त्याच्या आईवडिलांचं. तिथे सात माणसं होती. सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला की तो सासऱ्यांवरून नणंदेवर, नणंदेवरून दुरुस्तीला आलेल्या नळवाल्यावर, असा फिरत फिरत माझ्यापर्यंत यायचा तोवर त्याची धार गेलेली असायची. इकडे वेगळे राहायला आलो तेव्हा माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, सुटलीस बाई. पुढे तिघांचं घर झालं, त्यातलं एक तान्हं; मार वाटून घ्यायला होतंच कोण.

मारहाण वगैरे नाही, तसं काही नाही. माझा नवरा अंगाला हात लावणारा माणूस नाही. तो अपघात झालेल्या गाड्यांचे विम्याचे दावे तपासतो. धडक कुणी दिली, चूक कुणाची किती टक्के, हे ठरवणं त्याचं पोटापाण्याचं काम, आणि ते तो घरी आल्यावर बुटांबरोबर काढून ठेवत नाही. दूध उतू गेलं तर सत्तर टक्के माझं, वीस टक्के गॅसच्या शेगडीचं, आणि उरलेले दहा तो उदारपणे भांड्याला देतो. ओरडत नाही. हसत हसत, पुराव्यानिशी. त्याच्याशी भांडण म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार; तोंडही आपणच दाबायचं.

त्या संध्याकाळी तो माशांना खायला घालत होता. सरकार म्हणजे त्या पेटीतला सगळ्यात मोठा, गर्द निळा नर. नाव नवऱ्यानेच ठेवलेलं. मधला मोठा दगड त्याचा, आणि त्या दगडाभोवतीची निम्मी पेटीही. मी पिशवी खाली ठेवली नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "भिंगरी आज पाळणाघरात चावली."

"कुणाला?"

"कुणाला ते जाऊ दे. चावली आणि टाळ्या वाजवल्या. शनिवारी बोलावलंय. काढून टाकतील तिला. तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"रोज तिला इथे उभी करतोस. हाण, सोडू नकोस, घे चावा. ती काय समजणार? चावलं की कौतुक होतं. टाळ्या वाजतात."

तो माझ्याकडे वळला. चिडला नाही; दाव्याचा कागद हातात आला की होतो तसा त्याचा चेहरा रेखीव झाला. "हाण म्हणतो मी, बरोबर. पण टाळ्या?" त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. डाव्यात खाण्याचा डबा, उजवा मनगटापर्यंत ओला, थेंब टपटपताहेत. "कुठल्या हाताने वाजवणार गं? आठवून सांग. एकदा तरी पाहिलंस?"

मी आठवलं. त्याचा हा गुण आहे, तो माणसाला आठवायला लावतो. त्याच्या हातून टाळी वाजल्याचं मला एकदाही आठवेना. लग्नातसुद्धा, मुलीच्या वाढदिवसालासुद्धा, तो हाताची घडी घालून उभा असतो. आणि मग, तो डबा मिटून हात पुसत असताना, मला दुसरंच आठवलं. तो पुढे बोलतच होता, मुलं घरात जे बघतात तेच करतात, तू दिवसभर दातओठ खात फिरतेस, आरशात बघ एकदा, साठ टक्के तरी, आणि मी पिशवीचा बंद मुठीत आवळून त्या पेटीकडे बघत होते, पाणी उबदार ठेवणाऱ्या हीटरच्या मागच्या कोपऱ्याकडे.

तो कोपरा पांढरीचा. म्हणजे तिला कुणी दिलेला नव्हे, तिथे कुणाला नको होता म्हणून तिला मिळालेला. फिक्या पिवळट रंगाची मादी, आम्ही तिला पांढरी म्हणायचो. दीड महिन्यापूर्वी तिचा घसा फुगला आणि तिने खाणं सोडलं. नवरा हरखून गेला. "तोंडात अंडी आहेत तिच्या!" या जातीची मादी अंडी तोंडात घेते आणि तिथेच उबवते, पिल्लं फुटली तरी ती हिंडण्याजोगी होईपर्यंत बाहेर सोडत नाही. तीन आठवडे. तीन आठवडे तोंड मिटलेलं, अन्नाचा कण नाही. त्याने कॅलेंडरवर एक तारीख लाल पेनाने गोल केली. त्या दिवशी तो तिला जाळीत धरणार होता, उलटी करून बोथट काडीने तिचा खालचा जबडा उघडणार होता, आणि पिल्लं वेगळ्या डब्यात झटकून घेणार होता. दुकानदाराने शिकवलेली पद्धत. तोवर सरकार तिच्या मागे. तिने हीटरच्या मागून डोकं काढलं की तो येऊन आदळायचा. तिच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. गर्दीत मार वाटला जातो म्हणे. पण ज्याला उलटून चावता येत नाही असा एकजण सापडला की गर्दीचा हिशोब कोण ठेवतो? तिचं तोंड भरलेलं होतं. मी येता-जाता तिच्याकडे बघायचे. तोंडाच्या आत ती पिल्लं सारखी घोळवत असायची, चूळ भरल्यासारखी, न थांबता, आणि डोळे उघडे. माशाला पापण्या नसतात हे मला माहीत आहे, माझा धंदाच डोळ्यांचा. तरी ती माझ्याकडेच बघते असं मला वाटायचं आणि मी बाजूला व्हायचे.

ती लाल तारीख यायच्या आधीचा, माझ्या सुट्टीचा दिवस होता. दुपार. भिंगरी मांडीवर बिस्किट खात होती, मी तिचे केस विंचरत होते, आणि पेटीसमोरच्या त्याच खुर्चीवर बसले होते कारण घरात उन्हाची तिरीप तेवढीच तिथे येते. सकाळी सासूबाईंचा फोन झाला होता, त्यात काही विशेष नव्हतं, नेहमीचंच. सरकार आला. एकदा आदळला, दोनदा आदळला, पांढरी काचेला घासत वर गेली, खाली आली, आणि मग अचानक, मला ती वळलेली दिसली नाही, वळल्यानंतरची दिसली. तोंड उघडून. तिने त्याला कल्ल्याच्या मागे धरलं होतं. धरून झटकलं. एक निळा खवला सुटून फिरत फिरत वर गेला, आणि सरकार पळाला, आपला दगड सोडून पेटीच्या दुसऱ्या टोकाला पळाला आणि बघता बघता त्याची निळाई उतरून तो राखेच्या रंगाचा झाला. "शाब्बास!" मी ओरडले. कंगवा खाली पडला होता आणि माझे हात एकमेकांवर आपटत होते. किती जोरात, ते तळव्यांची आग झाली तेव्हा कळलं. भिंगरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिने तिच्या आईचा तो चेहरा आधी कधी पाहिला नव्हता. तिला तो फार आवडला. तिनेही टाळ्या वाजवल्या.

आणि मग पिल्लं दिसली. चावायला तोंड उघडलं तेव्हाच ती बाहेर सांडली होती. तांदळाच्या कणीएवढी, पोटाला पिवळी पिशवी, पोहता न येणारी, दगडांच्या मध्ये हळूहळू खाली बसत होती, आणि चारी बाजूंनी सगळे मासे आले. इतका वेळ जे आपापल्या हद्दीत फुशारत होते ते सगळे एकोप्याने आले. मिनिटभर लागलं असेल. मला ते दिसलं आणि मी लगेच थांबले नाही. हेच मी कुणाला सांगू शकत नव्हते, स्वतःलासुद्धा. पिल्लं दिसल्यानंतरच्या दोन-तीन टाळ्या आहेत माझ्या. पांढरी पुन्हा हीटरच्या मागे गेली. तोंड रिकामं, आणि ते तिने मिटलं नव्हतं. उघडंच ठेवून पाणी आत-बाहेर करत होती. संध्याकाळी खाणं पडल्यावर ती कोपऱ्यातून बाहेर आली आणि अधाशासारखं खायला लागली. नवऱ्याने वाकून पाहिलं आणि हातातला डबा आपटला. "गिळली! सगळी गिळली हिने. पहिलटकरीण ना, असंच करतात. आईपण सगळ्यांना जमत नाही." मी मूग गिळून उभी होते. दुसऱ्या कुणाची चूक शंभर टक्के ठरत होती आणि ती माझी नव्हती. इतक्या स्वस्तात मी तिला विकलं. त्यानंतर भिंगरी पेटीसमोर टाळ्या वाजवायची तेव्हा मी तिला आतून हाक मारायचे. का मारायचे ते स्वतःला न सांगता.

शनिवारपर्यंतचे चार दिवस मी त्याच्यावरच चिडलेली राहिले. तो बरोबर होता म्हणून जास्तच. सासूबाईंचा फोन आला. त्याने सांगितलं होतं. "मुलं चावतात गं, त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या, "पण आमच्याकडे कुणी चावरं नव्हतं हो." दुकानात एका बाईंच्या डोळ्यांत थेंब घालताना मला वाटलं, आपण सगळ्यांना एवढं जवळून बघतो, इतक्या जवळून की त्यांच्या बुबुळात आपणच दिसतो, आणि त्यातली ती पांढऱ्या कोटातली एवढीशी बाई किती गोड हसते.

शनिवारी आम्ही मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो, गुडघे छातीशी. ताई, मी, नवरा, आणि दोन वेण्यांच्या मुलीची आई. तिचे डोळे जागरणाचे होते. "झोपेतून उठते आणि दंड दाखवते," ती म्हणाली, "मी कामावर असते तेव्हा माझं पोर सुरक्षित आहे एवढं तरी मला वाटायला नको?" ही मीच बोलतेय असं मला वाटलं. नवरा पुढे झुकला. माणसं हाताळण्यात तो हुशार आहे. त्याने आधी माफी मागितली, मग मुलांच्या मानसशास्त्राबद्दल दोन वाक्यं टाकली, मग हसला. "खरं सांगू का, ती आईवर गेलीय. आमच्या घरात शांत म्हणाल तर आम्हीच, मी आणि मासे." ताई हसल्या. ती दुसरी आईसुद्धा नाइलाजाने हसली. माझे ओठ सवयीने हसायला निघालेही होते.

"टाळ्या मी वाजवल्या," मी म्हणाले.

आणि सगळं सांगितलं. वाईट सांगितलं, उलटसुलट, मध्येच तळवे दाखवून. मासा, चावा, शाब्बास. पिल्लांचंही सांगितलं. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आवाज चढत गेला, इतका की दाराशेजारच्या मोरीत कप विसळत बसलेल्या, पाळणाघरात कामाला असलेल्या मावशींनी नळ बंद केला. "मी त्या दिवशी तुम्हाला छे म्हटलं ते खोटं होतं. पण आता मला सांगा, भिंगरी चावण्याच्या आधी काय झालं होतं? आधीचं कुणीच का सांगत नाही? चावल्यापासूनच का सुरू होतं सगळं?"

ताई म्हणाल्या, तसं काही विशेष... आणि मावशी दारातून म्हणाल्या, "रोज चटई ओढतात की तिची, बाई. झोपायच्या वेळेला. भिंगरी आडवी झाली की ती दोन वेण्यांची एका टोकाला धरते आणि खेचते. डोकं आपटतं जमिनीवर. दुसरी पोरं हसतात. मी सांगितलं होतं ताईंना, दोनदा." ताईंचा चेहरा उतरला. दोन वेण्यांची आई आधी मावशींकडे, मग ताईंकडे बघत राहिली. "हे मला का नाही कळलं?" ती म्हणाली. तिचा राग आता कुणावर बसावा ते तिला ठरवता येत नव्हतं आणि मला तिची ती अडचण नीट समजत होती.

शेवटी ताई म्हणाल्या, काढत नाही कुणाला. चटया दोन खोल्यांत घालू, लक्ष ठेवू, चूक आमचीही आहे. पण पुन्हा असं व्हायला नको म्हणून एक हमीपत्र लागेल. मारण्या-चावण्याचं घरी कौतुक होणार नाही, एवढंच. त्यांनी कागद पुढे केला. पाळणाघराच्या कुठल्याही कागदावर आईवडील दोघांची सही लागते, एकाची चालत नाही. मी सही केली आणि कागद नवऱ्याकडे सरकवला.

तो वाचत होता. दोनच ओळी होत्या, पण तो दाव्याचे कागद वाचतो तसा वाचत होता. मग माझ्या कानाशी, दातांतून, "वीस पिल्लं होती ती. आणि मी त्या मादीला दोष देत बसलो." मग तो मोठ्याने म्हणाला, "ताई, चूक मान्य केलीय हिने, शंभर टक्के. मग सही मी कशाची करू? आणि खरं सांगायचं तर आम्ही विचार करतच होतो. मूल फार लहान आहे. वर्षभर ही घरी राहील, सोमवारपासून आणत नाही आम्ही. म्हणजे तुमचाही प्रश्न सुटला." आणि कागद त्याने टेबलावर उलटा ठेवला, हळुवार, त्यावर तळहात पसरून.

आम्ही. मी त्या 'आम्ही'त कुठे होते ते मला शोधून सापडेना. ताई माझ्याकडे बघत होत्या. अशा वेळी मी काय करते ते मला माहीत आहे: हसते, घरी जाऊन बोलतो म्हणते, पर्स उचलते. मग घरी काही बोलणं होत नाही. मी त्याच्या हाताखालून कागद ओढला. ओढावाच लागला, कोपरा थोडा फाटला. सुलटा करून त्याच्यापुढे ठेवला.

"सही कर."

"अगं, घरी जाऊन..."

"घरी नाही. इथे."

तो हसला आणि त्याने ताईंकडे बघितलं, बघितलंत ना, अशा अर्थाने. ताई हसल्या नाहीत. तो म्हणाला, पेन कुठेय. माझं पेन माझ्या हातात होतं, पण मला तेवढीही हालचाल करायची नव्हती. वाटलं, हलले की पकड सुटेल. बाहेरच्या खोलीत एक मूल एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतं. मावशींनी नळ अजून सोडला नव्हता. त्या बुटक्या खुर्चीत माझे पाय बधिर झाले होते आणि मी उठणार नव्हते, संध्याकाळ झाली असती, कुलूप लावायची वेळ झाली असती, तरी उठणार नव्हते, आणि हे त्याला दिसत होतं. प्रथमच दिसत होतं. दोन वेण्यांच्या मुलीच्या आईने आपली पर्स उघडली, आतून पेन काढलं, टोपण काढून ते कागदावर त्याच्या बाजूला ठेवलं आणि हाताची घडी घातली. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

त्याने सही केली. नेहमीची नव्हे, घाईची, अर्धवट, आणि पेन टाकून उठायला लागला.

"तारीख," मी म्हणाले.